रुपया पाण्यात

‘पैसे पाण्यात गेले’ असे आपण सहज बोलून जातो. माझ्या बाबतीत हा वाक्प्रचार एकदा अक्षरशः खरा ठरला. काही वर्षांपूर्वी मी चांदीचा एक जुना रुपया चार हजार रुपयांना विकत घेतला आणि दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तो पाण्यात सोडला. दोन मिनिटांत पाण्याने निकाल दिला. रुपया खोटा होता!

भौतिकशास्त्र शिकविणारा माणूस फसतो कसा, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर सरळ आहे. घेताना मी भौतिकशास्त्र घरी ठेवून गेलो होतो. एका प्रदर्शनाबाहेर पथारी मांडून बसलेल्या माणसाजवळ तो रुपया होता. त्यावर सहाव्या जॉर्जचे चित्र आणि १९३९ हे साल होते. या सालचे रुपये फारच थोडे उरले आहेत आणि संग्राहक त्यांना मोठी किंमत देतात, हे मी वाचले होते. विक्रेता म्हणाला, “आजोबांच्या पेटीतला आहे, साहेब. वजन करून बघा, पुरा तोळा भरेल.” त्याने खिशातला लहान काटा काढला. रुपया खरोखरच तोळाभर भरला. या माणसाला आपल्या नाण्याची किंमत कळलेली नाही, असे मला वाटले. नाण्यांच्या व्यवहारातली पहिली महागडी चूक हीच. समोरचा अडाणी आहे असे वाटू लागले की आपली परीक्षक बुद्धी झोपी जाते.

आता त्या रुपयाची परीक्षा कशी झाली ते पाहू.

पाण्याची साक्ष

१८३५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानातील रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम ठरलेले होते. हेच एक तोळा वजन. जुनी माणसे ‘रुपयाभर वजन’ म्हणत ती यामुळेच. त्यातील धातूच्या बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबे असे. चांदीची घनता दर घन सेंटिमीटरला १०.४९ ग्रॅम आणि तांब्याची ८.९६ ग्रॅम आहे. यावरून या मिश्रधातूची घनता काढली तर ती सुमारे १०.३ येते. म्हणजे खऱ्या रुपयाचे आकारमान १.१३ घन सेंटिमीटर असले पाहिजे.

हे आकारमान मोजण्यासाठी आर्किमिडीजचे तत्त्व कामी येते. वजनकाट्यावर पाण्याचे भांडे ठेवून काटा शून्यावर आणावा. रुपया बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल, पण भांड्याच्या तळाला व बाजूंना लागणार नाही, असा लोंबकळत धरावा. पाणी रुपयाला वर ढकलते, तेव्हा रुपयाही पाण्याला तितक्याच बलाने खाली ढकलतो. म्हणून काटा जेवढे ग्रॅम दाखवितो तेवढे पाणी रुपयाने बाजूला सारलेले असते. एक ग्रॅम पाण्याचे आकारमान जवळजवळ एक घन सेंटिमीटर असल्यामुळे काट्यावरचा आकडा हेच नाण्याचे आकारमान!

खऱ्या रुपयासाठी काट्यावर १.१३ यायला हवे होते. माझ्या रुपयाने १.३५ दाखविले. त्याचे वजन ११.६२ ग्रॅम होते. ११.६२ ला १.३५ ने भागा. उत्तर येते ८.६. तांबे, निकेल व जस्त यांच्या मिश्रणाची, म्हणजे ज्याला आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो त्याची घनता साधारण एवढीच असते. त्यात नाव सोडून चांदी कुठेच नसते.

मग वजन कसे जुळले? बनविणाऱ्याने नाणे सुमारे पाचव्या हिश्श्याने जाड केले होते. खरा रुपया शेजारी ठेवला असता तर फरक डोळ्यांनाही दिसला असता. वजन खरे होते, पण ते एकटेच खरे होते.

याउलटही घडते. वर्षानुवर्षे हातोहात फिरून झिजलेला खरा रुपया ११.४ ग्रॅम भरू शकतो. नुसत्या वजनावर विसंबणारा त्याला खोटा ठरवील. पण झिजल्याने वस्तुमान आणि आकारमान दोन्ही सारख्याच प्रमाणात घटतात; घनता बदलत नाही. म्हणून वजनापेक्षा घनतेची साक्ष अधिक भरवशाची.

या साक्षीलाही मर्यादा आहेत. काटा ०.०१ ग्रॅमपर्यंतच मोजत असेल, तर १.१३ मध्ये सुमारे एक टक्क्याची चूक संभवते. नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटला तर ती आणखी वाढते. शिशाची घनता ११.३४ आणि कथलाची ७.३ आहे. या दोहोंचे योग्य मिश्रण केले तर घनता चांदीच्या रुपयाइतकी येऊ शकते. मात्र असे नाणे मऊ असते आणि बद्द वाजते. ‘खणखणीत नाणे’ हा शब्दप्रयोग जुन्या सराफांच्या याच परीक्षेतून आला. पण ते दगडावर रुपया आपटून पाहत, तसे संग्रहातल्या नाण्याचे करू नये. त्याची कड दबते.

चुंबकाची परीक्षा अधिक सौम्य आहे. नाणे तिरके धरून त्यावर पातळ कागद ठेवावा आणि लहानसा शक्तिमान चुंबक घसरू द्यावा. चांदीला चुंबक चिकटत नाही, पण तो तिच्यावरून रेंगाळत घसरतो. सरकणाऱ्या चुंबकामुळे चांदीत आवर्त प्रवाह निर्माण होतात आणि लेन्झच्या नियमानुसार ते चुंबकाच्या गतीला विरोध करतात. चांदी विजेची सर्वोत्तम वाहक असल्यामुळे हा विरोध चांगला जाणवतो. जर्मन सिल्व्हर किंवा शिसे-कथलावरून चुंबक भरभर निघून जातो.

वजन तेच, चांदी निराळी

खरे नाणे घेऊनही नुकसान होऊ शकते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चांदीची टंचाई भासू लागली, तेव्हा १९४० पासून रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली. उरलेल्या भागात तांबे, निकेल व जस्त आले. वजन मात्र ११.६६ ग्रॅमच राहिले! म्हणजे १९१८ च्या रुपयात १०.७ ग्रॅम चांदी आहे, तर १९४४ च्या रुपयात केवळ ५.८ ग्रॅम. दोन्ही एकाच भावाने घेणारा दुसऱ्या रुपयातील चांदीसाठी जवळजवळ दुप्पट पैसे मोजतो. वाघाचे चित्र असलेला १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे. त्यात चांदी मुळीच नाही आणि त्याला चुंबक चटकन चिकटतो.

दुसरा गैरसमज म्हणजे जुने ते दुर्मीळ. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा १३ हजारांहून मोठा साठा सापडला. त्यांतील अनेक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटविलेला होता. एकेका साठ्यात अशी हजारो नाणी सापडली, की ती कितीही प्राचीन असली तरी दुर्मीळ राहत नाहीत. १९१८ चे रुपयेही विपुल आहेत. त्या वर्षी अमेरिकेने पिटमन कायद्यान्वये आपले कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी हिंदुस्थानातील नाण्यांसाठी उपलब्ध करून दिली होती. किंमत वयावर ठरत नाही. किती नाणी उरली, ती कोणत्या स्थितीत आहेत आणि किती जणांना हवी आहेत, यांवर ती ठरते.

म्हणूनच फसविणारे साल बदलतात. १९३८ च्या आकड्यातील ८ चा ९ करणे त्यांना अवघड नसते. दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगाखाली अशा अंकाभोवती ओरखडे दिसतात. साच्यात ओतलेली नक्कलही ओळखता येते. चांदीचा प्रसरणांक दर अंशाला सुमारे ०.००००१९ आहे. ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास घट्ट झालेले नाणे खोलीच्या तापमानाला येईपर्यंत दीड-पावणेदोन टक्क्यांनी आकसते. रुपयाचा व्यास ३०.५ मिलिमीटर असतो. खऱ्या नाण्यावरूनच साचा घेतला असेल, तर नक्कल सुमारे अर्धा मिलिमीटर लहान भरते. प्रयोगशाळेतील व्हर्नियर कॅलिपर हा फरक सहज दाखविते. फक्त त्याचे जबडे हलक्या हाताने लावावेत.

दिवाळीतली साफसफाई

आतापर्यंत सांगितलेल्या चुका पैशाने भरून निघतात. जी भरून निघत नाही ती मी नववीत असताना केली. आमच्या घरी पितळेच्या डब्यात आजीचे अकरा रुपये होते. दिवाळीच्या साफसफाईत मी ते चिंच आणि राखेने घासून लख्ख केले. सर्वांनी कौतुक केले. पुढे माझ्या महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी वडील ते विकायला घेऊन गेले, तेव्हा मी बरोबर होतो. दुकानदाराने भिंगातून पाहिले आणि विचारले, “हे घासले कुणी?” मग त्याने ते तराजूत टाकले आणि मोडीचा भाव दिला. त्यांत १९११ चा एक रुपया होता. त्यावरील पाचव्या जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, म्हणून तो छाप लगेच बदलण्यात आला होता. तो रुपया आजीने जवळजवळ कोरा जपला होता. वडील मला काहीच बोलले नाहीत.

मी नेमके काय पुसून टाकले होते? टांकसाळीत ठशांचा दाब पडतो तेव्हा चांदी मध्याकडून कडेकडे सरकते आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. कोरे नाणे दिव्याखाली फिरविले की या रेषांवरून परावर्तित होणारा प्रकाश चाकाच्या आऱ्यांप्रमाणे फिरताना दिसतो. ही चकाकी केवळ टांकसाळच देऊ शकते. चांदीचा कठीणपणा मोजच्या मापनश्रेणीत अडीच ते तीन आहे, तर राखेबरोबर येणाऱ्या वाळूच्या कणांचा सात. पहिल्या घासण्यातच त्या रेषा जातात आणि त्यांच्या जागी वेडेवाकडे ओरखडे येतात. नाणे चमकते खरे, पण ती चमक ताटवाटीची असते.

मी ज्याला मळ समजलो, तोही मळ नव्हता. हवेतील हायड्रोजन सल्फाइडमुळे चांदीवर चांदीच्या सल्फाइडचा थर बसतो. आरंभी तो मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. या थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशलहरींचे व्यतिकरण होते आणि साबणाच्या फुग्याप्रमाणे पिवळे, जांभळे, निळे रंग दिसतात. अनेक संग्राहक अशा रंगांसाठी जास्त पैसे देतात. शिवाय थर घासून काढला की त्यात गुंतलेली चांदीही त्याबरोबर जाते.

म्हणून नाणे कडेला धरावे आणि घासू नये. पाण्याची परीक्षा केलीच तर ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे आणि नंतर नाणे मऊ कापडावर टेकवून टिपावे. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत नाणी ठेवू नयेत. त्यातून कालांतराने आम्ल सुटते आणि नाण्यावर हिरवट चिकट डाग पडतात. कोकणासारख्या दमट हवेत तर अधिकच जपावे.

विकताना

विकण्यापूर्वी वजनाचा भाव आणि संग्राहकाचा भाव यांतील फरक समजून घ्यावा, निदान दोन-तीन जाणकारांना नाणे दाखवावे. ‘आपल्या जुन्या नाण्याचे लाखो रुपये मिळवा, आधी नोंदणीची रक्कम भरा’ असे सांगणाऱ्यांपासून सावध राहावे. काही भामटे रिझर्व्ह बँकेचे नाव पुढे करून शुल्क मागत होते, तेव्हा बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केले, की ती असा व्यवहार करीत नाही आणि असे शुल्कही घेत नाही. कायदाही लक्षात ठेवावा. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले, तर १८७८ च्या कायद्यानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुनी नाणी खाजगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाहीत. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याने त्यास बंदी आहे.

अस्सल चांदीत, नव्या ठशांनी पाडलेली चांगली नक्कल यांपैकी काही परीक्षा उत्तीर्ण होईल. म्हणून वजन, घनता, व्यास, चुंबक आणि भिंग यांपैकी एकट्यादुकट्यावर विसंबू नये. खऱ्या नाण्याशी तुलना करावी आणि तरीही शंका उरली, तर पैसे खिशातच ठेवावेत.

तो खोटा रुपया मी फेकला नाही. दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना मी तो एका खऱ्या, झिजलेल्या रुपयाबरोबर देतो आणि कोणता खरा ते ओळखायला सांगतो. घासायला मात्र कोणालाच देत नाही. तुम्हीही शाळेत हा प्रयोग करा. सध्याच्या चलनातले एखादे नाणे घ्या आणि त्याची घनता काढा. ती कोणत्या धातूशी जुळते? ते चुंबकाला चिकटते का? उत्तर काय येते ते वहीत लिहून ठेवा. चार हजार रुपये खर्चून मी जे शिकलो, ते तुम्हाला एका नाण्यात आणि पेलाभर पाण्यात शिकता येईल.