जुन्या मोबाईलवर ‘पुश’ मेल येतो कसा?

मालाची ऑर्डर मेलवर येते, भावही मेलवर ठरतो, आणि उत्तराला अर्धा तास उशीर झाला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाते. तरीही हा मेल आपल्या खिशातल्या फोनपर्यंत पोहोचतो कसा, हे फार थोड्या व्यापारी बांधवांनी विचारले असेल. जुना फोन जपून वापरणाऱ्यांनी तर ते जरूर समजून घ्यावे.

मेल प्रथम फोनमध्ये येत नाही. तो सर्व्हरवर, म्हणजे मेल सांभाळणाऱ्या मोठ्या संगणकावर, येऊन पडतो. साध्या पद्धतीत फोन ठराविक वेळाने, समजा दर पंधरा मिनिटांनी, तेथे चौकशी करतो. मेल नसला तरी फेरी होतेच आणि बॅटरी खर्ची पडते. फेऱ्या कमी कराव्यात तर ऑर्डर उशिरा कळते.

यावर ‘पुश’ हा उपाय निघाला. नावावरून वाटते की सर्व्हर मेल फोनवर ढकलतो. बहुतेक फोनांत प्रत्यक्षात फोनच आधी सर्व्हरशी जोडणी करतो आणि ती उघडी ठेवून गप्प बसतो. मेल आला की त्याच जोडणीवरून इशारा मिळतो, मग फोन मेल उतरवून घेतो. १९९७ साली ठरलेली ‘आयमॅप आयडल’ ही पद्धत अशीच आहे. बराच वेळ हालचाल नसली तर सर्व्हर जोडणी तोडू शकतो. म्हणून फोनने २९ मिनिटांच्या आत पुन्हा हजेरी लावावी, असे तिच्या नियमांत सांगितले आहे. खरी गोम पुढेच आहे. मोबाईल कंपनीचे यंत्र कधी त्याआधीच जोडणी तोडते, आणि फोनला ते लगेच कळत नाही. फोन वाट पाहत राहतो, मेल सर्व्हरवर पडून राहतो.

ब्लॅकबेरीची तऱ्हा निराळी होती. कॅनडातील वॉटर्लू येथील या कंपनीने १९९९ साली मेल दाखवणारे छोटे यंत्र काढले. येथे मध्ये कंपनीचे स्वतःचे केंद्र असे. ऑफिसचा सर्व्हर मेल लहान करून, कुलूपबंद करून त्या केंद्राकडे देई, आणि केंद्र तो मोबाईल कंपनीमार्फत नेमक्या फोनवर पाठवी. फोन रेंजबाहेर असला तर मेल थांबून राही. सोय उत्तम, पण सारा व्यवहार एका अडत्याच्या हाती! ऑक्टोबर २०११ मध्ये कंपनीच्या यंत्रणेतील एक मुख्य स्विच बिघडला, राखीव यंत्रणाही चालली नाही, आणि युरोप, आखाती देश व भारतासह अनेक ठिकाणचे ब्लॅकबेरी काही दिवस अडखळले. ४ जानेवारी २०२२ रोजी कंपनीने जुन्या ब्लॅकबेरी फोनांची सेवाच बंद केली.

इतर जुन्या फोनांना आणखी एक अडचण आली आहे. गूगलने ३० मे २०२२ पासून खाजगी खात्यांसाठी नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर चालणाऱ्या जुन्या मेल अ‍ॅपना प्रवेश देणे बंद करायला सुरुवात केली. दुहेरी पडताळणी सुरू करून ‘अ‍ॅप पासवर्ड’ घेतला तर काही फोन अजून चालतात. ते जमले तरी फोन शांत आहे म्हणून ऑर्डर नाही असे धरू नये. दुकान उघडताना आणि दुपारी एकदा मेल हाताने ताजा करून पाहावा, आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या खात्यावरून स्वतःलाच मेल पाठवून तो किती मिनिटांत वाजतो ते घड्याळ लावून मोजावे.