शिमग्यातल्या बातम्या

पहाटे साडेपाच. धुकं उतरलंय का, हे चहाच्या आधी अंगणात जाऊन बघायचं. रत्नागिरी तालुक्यातल्या पावसच्या या पट्ट्यात फाल्गुनात पहिली बातमी आभाळच देतं. मोहर धुक्याने ओला राहिला की करपा आणि भुरी वाढते, आणि ऊन एकाएकी तापलं की सुपारीएवढी कैरी झाडाखाली पडलेली दिसते. इथे घरच्या लग्नापासून पोरांच्या फीपर्यंत सगळं आंब्याच्या पिकावर ठरतं. म्हणून माझ्या बातम्यांत हवामान कायम वर असतं.

साडेसात. बागेत तोडणी चाललेली. ऊन चढायच्या आत, झेल्याने, देठासकट. नाहीतर चीक सालीवर ओघळून डाग पडतात. उतरवलेलं फळ तापलेल्या कातळावर ठेवलं तर साका होण्याची, म्हणजे गर आतून खराब होण्याची भीती, म्हणून क्रेट सावलीत. वाशीला गेलेल्या पेटीचा भाव काका मला सांगतात. मी आधी विचारतो, "पेटी किती डझनांची?" चार डझनांची पेटी आणि सहा डझनांची पेटी यांना एकच आकडा लावून छापणं म्हणजे बागायतदारावर अन्याय आहे.

दहा. ग्रामपंचायत. पाणीटंचाईच्या आराखड्यात कुठल्या वाड्या आहेत ते वहीत उतरवून घेतो. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या मुलखात चैत्राआधीच विहिरी तळ दाखवतात, कारण जांभ्यात पाणी ठरत नाही. वाडीचं नाव बातमीत चुकलं तर त्या वाडीतल्या बाईला हंडा घेऊन आणखी थांबावं लागतं, इतकं ते नाव मोलाचं आहे.

दुपार. काही नाही. पत्रे तापतात, रस्ता ओस.

तीन. खारे वारे अजून नाहीत. पूर्वेचा जमिनीवरचा वारा जोरात असला की त्यांना यायला उशीर होतो आणि पारा चढतच राहतो. किनाऱ्यासाठी उष्णतेच्या लाटेचा विचार 37 अंशांपासून सुरू होतो, मैदानी भागासाठी 40 पासून. सरासरीपेक्षा साडेचार अंशांची वाढही लागते. त्यामुळे नुसता आकडा बघून 'लाट' हा शब्द मी लिहीत नाही.

साडेचार. सड्यावर वणवा. वाळलेलं गवत आणि वारा. काजूची कलमं वाचवायला वाडीतली पोरं हिरव्या फांद्या घेऊन धावलेली. आग विझेपर्यंत फोटो काढायला हात मोकळे नसतात.

सात. मुंबईहून फोन, "दादा, आमच्या घरी पालखी कधी? त्या हिशोबाने तिकीट काढतो." मानकऱ्यांना विचारून वेळ पक्की केली आणि मगच सांगितली. अंदाजे सांगितलेल्या वेळेवर माणूस रात्रभर एसटीत बसून येतो आणि पालखी पुढच्या वाडीत गेलेली असते. सहाणेवर, पालखी बसते त्या चौथऱ्यावर, ढोल सुरू झालाय, खेळे नाचतायत. बातमीत मी मार्ग, वाड्यांचा क्रम आणि तारखा देतो; चाकरमान्यांना तेवढंच हवं असतं.

साडेनऊ. बातम्या पाठवून झाल्या. तेवढ्यात हवामान खात्याचा इशारा आला: उद्या ढगाळ, तुरळक सरी. पेपर वाडीत पोचेपर्यंत सकाळचे फवारणीचे पंप सुरू झालेले असतील आणि औषध पावसात धुऊन जाईल. म्हणून इशारा आधी बागायतदारांच्या ग्रुपवर टाकला, फवारणी थांबवा, तयार फळ पहाटेच काढा. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांना आता एकेक करून लावतोय.