ऊषर भूमी आणि औषधी वृक्ष

औषधी द्रव्ये कोणत्या भूमीतून घ्यावीत, याविषयी संहिताकारांचे मत स्पष्ट आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भूमिप्रविभागविज्ञानीय अध्यायात आणि चरकसंहितेच्या कल्पस्थानात ऊषर भूमी वर्ज्य सांगितली आहे. त्यामुळे क्षारपड जमिनीवर अर्जुन, करंज, आवळा लावण्याचा विषय निघताच वैद्यबंधूंना शंका येते. ती रास्तच आहे. मात्र वृक्ष लावल्यावर ती भूमी ऊषरच राहते काय, हेही पाहिले पाहिजे.

भारतात सुमारे ६७ लाख हेक्टर जमीन क्षारांनी बाधित आहे. त्यापैकी सुमारे ६ लाख हेक्टर महाराष्ट्रात आहे. ‘क्षारपड’ या एका शब्दात दोन भिन्न विकार दडलेले असतात. खारवट जमिनीत विद्राव्य क्षार साठतात. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटतो, सामू ८.५ च्या वर जातो आणि पाणी मुरत नाही. निदान चुकले की चिकित्सा चुकते, हे आपल्या वाचकांना सांगणे नलगे!

चोपण जमिनीसाठी कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने (स्थापना १९६९) गिरमिटाची पद्धत रूढ केली. सुमारे सव्वा ते दीड मीटर खोल, अरुंद भोक घेऊन खालचा कठीण चुनखडीचा थर भेदावयाचा आणि त्यात माती, जिप्सम व शेणखत यांचे मिश्रण भरून रोप लावावयाचे. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली जातो. मुळांच्या श्वसनातून निघणारा कर्बवायू मातीतील चुना विरघळवितो आणि पालापाचोळ्याने सेंद्रिय कर्ब वाढतो. वर्षानुवर्षे हे चालल्यावर वरच्या थराचा सामू उतरतो. उत्तर प्रदेशातील प्रतापगढ भागात अशा ऊसर जमिनींवर आवळ्याच्या बागा उभ्या आहेत; च्यवनप्राश करणाऱ्यांना त्या परिचित असतीलच.

कृष्णाकाठी मात्र ही पद्धत जशीच्या तशी उचलू नये. शिरोळ, वाळवा भागातील काळ्या जमिनी अतिसिंचनाने पाणथळ व क्षारपड झाल्या आहेत. तेथे आधी निचऱ्याचे चर, मग वृक्ष. अर्जुन मूळचा नदीकाठचा, करंजही सोशिक. ते ओल सहन करतात. निंब व आवळा साचलेल्या पाण्यात तग धरत नाहीत. निचरा टाळून केलेली लागवड म्हणजे रोपांचा अपव्यय, असे आमचे मत आहे.

आता संग्रहणाचा प्रश्न. भूमी सुधारेपर्यंत तेथील साल व फळे औषधार्थ घेऊ नयेत. करंजाचे तेल इंधनास जावे. पुढे मातीचा सामू व विद्युत वाहकता तपासून, द्रव्य औषधिकोशाच्या कसोट्यांवर पारखून मगच ते स्वीकारावे. अर्जुनसालीस एकूण राखेची मर्यादा २५ टक्क्यांपर्यंत असल्याने केवळ राखेवरून दोष कळेलच असे नाही. सोडियमचे प्रमाण स्वतंत्रपणे पाहावे.

दरम्यान जंगलातील अर्जुन साल सोलून वाळविले जात आहेत. शेतकरी दहा-बारा वर्षे वाट पाहील, पण खरेदीची हमी असेल तरच. फार्मसीचालकांनी लागवडीच्या वेळीच लेखी करार करावा आणि मातीच्या पहिल्या तपासणीचा खर्च स्वतः उचलावा.