ब्रॉयलर कोंबड्यांचें आंतडें व खाद्यांतील पूरक द्रव्यें

ब्रॉयलर कोंबड्यांच्या धंद्यांत एकंदर खर्चाचा सुमारें दोनतृतीयांश भाग खाद्यावर होतो. पांच-सहा आठवड्यांत सुमारें दोन किलो वजन भरणारा पक्षी तेवढ्या अवधींत तीन किलोंहून अधिक खाद्य खातो. हें खाद्य आंतड्यांतून थोड्या तासांतच पुढें सरकतें; तेवढ्यांत त्यांतील सत्त्व रक्तांत शोषलें गेलें पाहिजे. हें काम आंतड्याच्या अस्तरावरील सूक्ष्म अंकुर करितात. ते झिजले म्हणजे पक्षी खातो, पण खाल्लेलें अंगीं लागत नाहीं, आणि मालकाचा पैसा विष्ठेवाटें जातो.

महापे येथें एके काळीं भातखाचरें होतीं. आज तेथें औद्योगिक वसाहत आहे. तथापि जवळच्या पनवेल, कल्याण व कर्जत या भागांत ब्रॉयलर पालन चालतें. तेथील पक्ष्यांस पावसाळ्यांतील दमट हवा फार बाधते. शेडमध्यें पसरलेली भाताच्या तुसाची गादी एकदां ओलावली कीं लवकर वाळत नाहीं. रक्ती हगवणीचे परजीवी विष्ठेंतून कवचबद्ध स्थितींत बाहेर पडतात. ऊब व ओल मिळतांच एक-दोन दिवसांत ते रोग देण्यास समर्थ होतात. ते आंतड्याचें अस्तर फोडितात, व त्या जखमांवर क्लॉस्ट्रिडियम नांवाचे जीवाणु माजून आंतडें सडूं लागतें. म्हणून औषधाच्या आधीं गादीकडे पाहावें. मूठभर गादी दाबावी; मूठ उघडतांच ती सुटी झाली तर ठीक, गोळा तसाच राहिला तर ओल फाजील समजावी. गळकीं पाण्याचीं भांडीं दुरुस्त करावीं, गादी वरचेवर उकरावी व हवा खेळती ठेवावी.

आतां पूरक द्रव्यांचा विचार करूं. प्रत्येकाचें काम निराळें आहे. धान्याच्या कोंड्यांत व पेंडींत अडकलेला फॉस्फरस फायटेज हें विकर मोकळा करितें. फॉर्मिक, प्रोपिऑनिक इत्यादि सेंद्रिय आम्लें खाद्यांतील व पाण्यांतील अपायकारक जीवाणूंस आळा घालितात. ब्युटिरिक आम्ल आंतड्याच्या अस्तरास पोषक आहे. प्रोबायोटिक म्हणजे जिवंत उपकारक जीवाणु. त्यांपैकीं बॅसिलस जातीचे बीजाणु गोळी खाद्य बनवितांना लागणारी उष्णता सोसतात. लॅक्टोबॅसिलस सहसा सोसत नाहींत. ओव्यांतील थायमॉलसारखीं सुगंधी द्रव्येंही वापरतात, पण गुण मात्रेवर व शुद्धतेवर अवलंबून असतो. सॅलिनोमायसिन रक्ती हगवणीस आवरतें. मात्र असें खाद्य घोड्यास प्राणघातक ठरतें, हें विसरूं नये.

ओल्या मक्यावर वाढणाऱ्या बुरशीचें अफ्लाटॉक्सिन हें विष यकृतास घातक आहे. 1960 सालीं इंग्लंडांत भुईमुगाच्या पेंडींतील या विषानें एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हां त्याचा शोध लागला. बेंटोनाइट माती त्यास बांधून ठेविते; तरी कोरडा मका घेणें हाच खरा उपाय होय.

वाढीसाठीं खाद्यांत अल्प प्रमाणांत प्रतिजैविकें घालण्याची चाल विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंतून पसरली. त्यानें वजन वाढतें, हें खरें. पण अल्प मात्रेस सरावलेले जीवाणु औषधास दाद देईनासे होतात, आणि ते प्रथम शेडांत राबणाऱ्या माणसांकडे व मांसावाटें इतरांकडे जातात. युरोपीय संघानें 1 जानेवारी 2006 पासून ही चाल बंद केली. कोलिस्टिन हें माणसांच्या दुर्धर संसर्गांतील अखेरचें औषध. तें अन्नोपयोगी जनावरें, कोंबड्या व पशुखाद्य यांसाठीं बनविण्यास व विकण्यास भारत सरकारनें जुलै 2019 मध्यें बंदी केली. यास्तव पिशवीवरील घटकांची नांवें वाचल्यावांचून कोणतेंही द्रव्य घेऊं नये.

विक्रेत्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत: यांत काय आहे, तें कोणतें काम करितें, आणि तें काम माझ्या शेडांत खरोखर अडलें आहे काय? समाधान झालें तरी एकाच वयाच्या पिलांचे दोन भाग करून एकासच तें द्यावें. दोन्ही भागांचें खाद्य व वजन लिहून ठेवावें, आणि वाढीव वजनाची किंमत द्रव्याच्या खर्चाहून अधिक भरते कीं नाहीं, हें पाहावें.

सारांश, कोरडी गादी, स्वच्छ पाणी व निर्मळ धान्य हीं आंतड्याचीं खरीं औषधें होत. पूरक द्रव्यें त्यांस जोड देतील. त्यांची उणीव भरून काढणार नाहींत.