शिक्षा देवाची की निवड माणसाची?

१ नोव्हेंबर १७५५ हा ख्रिस्ती पंचांगातील 'सर्व संतांचा दिवस' होता. पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथील चर्च भाविकांनी भरून गेली होती. सकाळी साडेनऊच्या सुमारास धरणीकंप झाला आणि प्रार्थनेसाठी जमलेल्यांवरच छपरे कोसळली. पाठोपाठ समुद्राच्या लाटा शहरात घुसल्या, ठिकठिकाणी आगी भडकल्या आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. गॅब्रिएल मालाग्रीदा या जेझुइट धर्मगुरूने १७५६ मध्ये पुस्तिका काढून सांगितले, की ही नगरवासीयांच्या पापांची देवाने केलेली शिक्षा आहे. हा निष्कर्ष ख्रिस्ती श्रद्धेत खरोखर बसतो का, हे समजण्यासाठी 'शिक्षा' आणि 'इच्छास्वातंत्र्य' या दोन कल्पनांचे नाते पाहावे लागते.

बायबलमधील उत्पत्तीच्या कथेत देव माणसाला निवडीचे स्वातंत्र्य देतो. सक्तीने केलेल्या प्रेमाला किंवा आज्ञापालनाला मोल नसते, हा त्यामागील विचार. आदाम आणि हव्वा मना केलेले फळ खातात व एदेन बागेला मुकतात. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या 'ख्रिस्तपुराणा'तून ही कथा मराठीतही आली. तिचे तर्कशास्त्र सरळ आहे. ज्याला निवड करता येते, त्यालाच जबाबदार धरता येते. स्वातंत्र्य नसेल तर शिक्षा हा निव्वळ अन्याय ठरतो.

खरी अडचण पुढे सुरू होते. आदामाच्या पापाची फळे त्याच्या वंशजांनी का भोगावीत? ब्रिटनमधून रोमला आलेल्या पेलॅजियसचे पाचव्या शतकाच्या आरंभी म्हणणे असे, की आदामाचे पाप आदामापुरते. प्रत्येक मनुष्य स्वतःच्या बळावर सन्मार्ग निवडू शकतो. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचे बिशप संत ऑगस्टिन यांनी याला कडाडून विरोध केला. पहिल्या पतनानंतर मानवी इच्छा दुर्बळ झाली असून ईश्वरी कृपेवाचून ती सत्कृत्याकडे वळूच शकत नाही, आणि तान्हे मूलही मूळ पापाचा वारसा घेऊनच जन्मते, असे त्यांनी मांडले. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलॅजियसची मते फेटाळली.

हजार वर्षांनी हाच वाद पुन्हा पेटला. १५२४ मध्ये इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली. १५२५ मध्ये मार्टिन ल्यूथरने तारणाच्या बाबतीत माणसाची इच्छा बद्धच असते, असे उत्तर दिले. काल्व्हिनने त्याही पुढे जाऊन कोणाचा उद्धार व्हायचा आणि कोणाचा नाही, हे देवाने आधीच ठरविले असल्याचे प्रतिपादले. कॅथलिक चर्चने १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत मधला मार्ग निश्चित केला. इच्छास्वातंत्र्य क्षीण झाले आहे, पण नष्ट झालेले नाही. पुढाकार कृपेचा असला तरी तिला होकार देणे वा नाकारणे माणसाच्या हाती आहे.

लिस्बनच्या ढिगाऱ्यांनी या सिद्धान्तांची कसोटी पाहिली. आईच्या कुशीत चिरडलेल्या अर्भकांनी कोणते पाप केले होते, असा सवाल व्होल्तेअरने १७५६ मध्ये आपल्या दीर्घकाव्यातून केला. रूसोने त्याला पत्राने उत्तर दिले. सहा-सात मजली घरांची दाटी निसर्गाने केली नव्हती, माणसांनी केली होती, याकडे त्याने लक्ष वेधले. भूकंप माणसाच्या हाती नसला, तरी कोठे व कसे राहावे, ही निवड त्याचीच होती.

या प्रश्नावर खुद्द येशूची भूमिका शुभवर्तमानांत नोंदलेली आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण ठार झाले, ते इतरांहून अधिक पापी नव्हते, असे तो लूकच्या शुभवर्तमानात स्पष्ट सांगतो. मात्र ऐकणाऱ्यांना स्वतः पश्चात्ताप करण्याचा इशाराही देतो. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य जन्मांधाकडे पाहून विचारतात, की पाप याचे की याच्या आईवडिलांचे. कर्मफलाच्या कल्पनेत वाढलेल्या वाचकाला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. येशू दोन्ही पर्याय नाकारतो.

विसाव्या शतकात कॅथलिक शिकवणुकीने याच सूत्रावर भर दिला. नरक ही देवाने बाहेरून लादलेली शिक्षा नसून माणसाने जिवंतपणी केलेल्या निवडीचीच ती परिणती आहे, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी जुलै १९९९ मध्ये स्पष्ट केले. बाप्तिस्म्याविना मरण पावलेल्या बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास आधार आहे, असा निर्वाळा व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने २००७ मध्ये दिला. सर्वच पंथांना हे मान्य आहे असे नाही. काल्व्हिनच्या परंपरेतील अनेक चर्च आजही देवाच्या पूर्वनियोजनावर ठाम आहेत.

तरीही शिलोहाच्या कथेतील सूचना सर्वांनाच लागू पडते. शिक्षेचा विचार करायचा तो स्वतःच्या निवडीपुरता. दुसऱ्यावर कोसळलेल्या संकटावरून त्याच्या पापाचा निवाडा करण्याचा अधिकार येशूने कोणालाच दिलेला नाही. मालाग्रीदाची पुस्तिका लिहिली गेली, तेव्हा नेमका याचाच विसर पडला होता.