‘मुले पळवणारी टोळी’ आणि घरादाराची खरी राखण

गैरसमज : आपल्या भागात मुले पळवणारी टोळी फिरतेय. अनोळखी माणूस दिसला की आधी धरा.

रायगड जिल्ह्यात बिरवाडी, नांगलवाडीपासून पोलादपूरच्या वाड्यांपर्यंत हा मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. पाठवणाऱ्याला विचारावे, कुठल्या पोलीस ठाण्यात नोंद आहे? उत्तर ठरलेले : ‘खरे-खोटे माहीत नाही, पण सावध राहिलेले बरे.’ संताप येतो तो याच वाक्याचा. या असल्या सावधपणाने महाराष्ट्रात माणसे मारली गेली आहेत.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. पोटासाठी गावोगाव भिक्षा मागत फिरणारी ही माणसे होती. १६ एप्रिल २०२० रोजी पालघरमधील गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगलीच्या जत तालुक्यात उत्तर प्रदेशच्या चार साधूंना मारहाण झाली. या तिन्ही ठिकाणी अफवा होती, टोळी नव्हती.

‘मग पेपरात शेकड्यांनी अपहरणाचे आकडे येतात ते काय?’ त्याचे कारण कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर दिलेल्या आदेशानंतर, अठरा वर्षांखालचे मूल बेपत्ता झाले की अपहरण गृहीत धरूनच गुन्हा नोंदवला जातो. घरी भांडून निघून गेलेला मुलगा आणि प्रेमप्रकरणातून गेलेली सतरा वर्षांची मुलगीही त्याच आकड्यात येते. ही तरतूद मुलांच्या भल्याची आहे, कारण त्यामुळे शोध लगेच सुरू होतो. मात्र ती संख्या म्हणजे टोळ्यांची मोजदाद नव्हे.

आपल्याकडे ही अफवा लवकर पेट घेते, त्याचीही कारणे आहेत. एमआयडीसीमुळे नवे चेहरे सतत येतात, महामार्ग दाराशी आहे आणि वाड्यांमधली कर्ती माणसे मुंबईला. मागे म्हातारी माणसे नि मुले. भीती वाटणे साहजिक आहे. पण तिचा रोख लगेच उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाच्या कंत्राटी कामगाराकडे वळतो. तोही भाड्याच्या खोलीत राहून शिफ्ट करतो, त्याचीही मुले इथल्याच शाळेत जातात.

कायदा काय म्हणतो, तेही नीट समजून घ्या. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिक धरू शकतो; पण सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागते. नुसत्या संशयावरून कोंडण्याचा आणि मारण्याचा अधिकार कुणालाच नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) नुसार पाच किंवा अधिक जणांनी जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून मिळून खून केला, तर त्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते. भीती पसरवणारी खोटी माहिती फिरवणे हाही कलम ३५३ खाली गुन्हा ठरू शकतो.

मुलांना खरा धोका कुठून असतो? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये देशातील बलात्काराच्या ९६ टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा होता. नातेवाईक, शेजारी, घरी येणारा-जाणारा. म्हणून मुलांना केवळ ‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ शिकवून भागत नाही. कुणीही, अगदी काका-मामानेही, नको तिथे हात लावला किंवा ‘घरी सांगू नकोस’ म्हटले, तर तेच आधी घरी सांगायचे, हे शिकवा. आणि मूल सांगेल तेव्हा त्याला गप्प करू नका.

कुणाचा संशय आलाच तर गाडीचा नंबर टिपा, ११२ ला फोन करा, पोलीस पाटलांना कळवा. एकटे मूल सापडले तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन. गर्दी मात्र जमवू नका.

आणखी काही गैरसमज :

‘मूल हरवले तर २४ तास थांबावे लागते.’ असा नियम नाही. लगेच ठाण्यात जा, अलीकडचा फोटो न्या.

‘गुन्हा जिथे घडला तिथलेच ठाणे तक्रार घेते.’ १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते की दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. एफआयआरची प्रत मोफत मिळते.

‘ओळखपत्र दाखवले म्हणजे पोलीसच.’ ‘पुढे खून झालाय, दागिने काढून रुमालात बांधा’ असे खरा पोलीस सांगत नाही. हा तोतया. दागिन्यांना पॉलिश करून देणाऱ्यालाही दारातूनच परत पाठवा. घरातल्या आजी-आजोबांना हे बजावून ठेवा.

‘पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करतात.’ ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट कायद्यात नाही. फोन ठेवा.

‘ऑनलाइन गेलेले पैसे गेलेच.’ लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवले तर रक्कम पुढे जाण्याआधी गोठवता येते. तुमची किंवा बँकेची चूक नसताना त्रयस्थामुळे पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने हा नियम घातला.

‘भाडेकरूंपैकी फक्त परप्रांतीयांची माहिती पोलिसांना द्यायची.’ प्रत्येकाची द्या. ती महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरूनही देता येते.

‘मुंबईला जाताना पडवीतला दिवा चालू ठेवला की घर राखले जाते.’ भर दुपारी जळणारा दिवा घर बंद असल्याचेच सांगतो. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, शेजाऱ्याला फेरी मारायला सांगा, आणि गणपती-शिमग्याहून परतताना ‘निघालो’ची पोस्ट टाकू नका.

पुढच्या वेळी टोळीचा मेसेज आला, की ग्रुपवर एवढेच विचारा : कुठल्या ठाण्यात नोंद आहे? उत्तर आले नाही, तर ॲडमिनने तो मेसेज काढून टाकावा. कुणाचा तरी जीव त्याने वाचू शकतो.