पानपिंपरी, केमो आणि दोन औषधांची एकच पिशवी

अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा या पट्ट्यात बारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पिकवलेली पानपिंपरी आता कर्करोगाच्या प्रयोगशाळेतही पोहोचली आहे. तिच्यातले पायपरीन हे तिखट द्रव्य स्तनाच्या कर्करोगावरील केमोच्या औषधांसोबत अतिसूक्ष्म कणांत भरून तपासले जात आहे. मात्र हे प्रयोग अजून पेशी आणि प्राण्यांपुरतेच आहेत. ‘पिंपरी खा, गाठ जाईल’ असा अर्थ त्यातून निघत नाही. उलट, तसे करण्यात धोका आहे. तो कसा, ते पाहू.

कर्करोगाच्या काही पेशींच्या पडद्यावर एक प्रकारचा पंप असतो. आत आलेले पॅक्लिटॅक्सेल किंवा डॉक्सोरुबिसिन तो बाहेर फेकतो आणि औषध निष्प्रभ ठरते. पायपरीन हा पंप रोखते. मग दोन्ही सोबत का देऊ नयेत?

अडचण अशी की हाच पंप निरोगी आतड्यात आणि यकृतातही असतो. शिवाय औषधे मोडून काढणाऱ्या यकृतातील विकरालाही पायपरीन अडवते. त्यामुळे केमो सुरू असताना पिंपरीचे चूर्ण घेतले, तर औषधाचे रक्तातील प्रमाण डॉक्टरांच्या हिशेबाबाहेर जाऊ शकते. पांढऱ्या पेशी घटणे, मुंग्या येणे हे त्रास त्याने वाढू शकतात. भाजीतल्या चिमूटभर मिऱ्याचा हा प्रश्न नाही. रोजच्या चूर्णाचा आणि ‘पायपरीनयुक्त’ हळदीच्या गोळ्यांचा आहे.

इथे नॅनोवाहक कामाला येतो. केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या भागाएवढी, बहुधा चरबीची पिशवी. दोन औषधे वेगवेगळी टोचली तर शरीरात दोघांच्या वाटा वेगळ्या होतात, एक लवकर निघून जाते आणि ठरवलेले प्रमाण बिघडते. एकाच पिशवीत भरली तर ती एकाच वेळी, त्याच प्रमाणात गाठीपर्यंत जाऊ शकतात.

ही नुसती कल्पना नाही. रक्ताच्या एका कर्करोगासाठी सायटाराबिन आणि डॉनोरुबिसिन ५:१ प्रमाणात एकाच पिशवीत असलेल्या औषधाला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. स्तनाच्या कर्करोगासाठी सध्या वापरात आहेत ती एकेकट्या औषधाची नॅनोरूपे: अल्ब्युमिनला जोडलेले पॅक्लिटॅक्सेल (अमेरिकेत मान्यता २००५) आणि लायपोसोममधले डॉक्सोरुबिसिन. दुसऱ्याने हृदयावरचा ताण कमी होतो, पण तळहात-तळपाय सोलवटण्याचा त्रास होऊ शकतो. त्यात आपलाही वाटा आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत या औषधाचा तुटवडा पडला, तेव्हा मुंबईच्या सन फार्माचे ‘लिपोडॉक्स’ तिथे मागवावे लागले.

तरीही ‘थेट गाठीवर नेम’ हे वर्णन जरा फुगवलेले आहे. प्राण्यांवरील दहा वर्षांच्या प्रयोगांचा आढावा २०१६ मध्ये घेतला गेला. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोहोचले (मध्यक मूल्य) ०.७ टक्के! बरेचसे यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात.

नागपूर किंवा मुंबईला केमोसाठी जाताना घरात सुरू असलेले प्रत्येक चूर्ण, काढा, गोळी डब्यासकट सोबत न्या आणि सलाईन लागण्याआधीच डॉक्टरांना दाखवा.